लावणीचा चिखल आणि एका पेशीची रचना

(देवरूख येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



'जिवाणूच्या पेशीचे भाग आणि त्यांची कामे' हा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांनी मला विचारले, "सर, हा नववीच्या पुस्तकातला धडा नाही का?" आहे. धडा आहे, आकृती आहे, आकृतीला बाण आहेत, बाणांपुढे नावे आहेत. पेशीभित्तिका, पेशीपटल, रायबोसोम, कशाभिका. परीक्षेत ती आकृती काढायची, गुण घ्यायचे, आणि जूनमध्ये वही रद्दीत द्यायची. माझी तक्रार इथेच सुरू होते. त्या आकृतीतल्या प्रत्येक बाणाच्या टोकाशी आपल्याच तालुक्यातला एखादा आजारी माणूस आहे किंवा बरा होऊन घरी आलेला माणूस आहे. कुठल्या भागामुळे तो आजारी पडला आणि कुठल्या भागावर औषधाने घाव घातला म्हणून तो उठून बसला, हे आज तुम्हाला सांगायचे आहे.

त्यासाठी मी एकच जिवाणू निवडला आहे. पुस्तकात बहुधा आतड्यातला ई. कोलाय असतो. मी घेतला आहे तो लावणीच्या चिखलातला लेप्टोस्पायरा. सगळे त्याला 'लेप्टो' म्हणतात, मीही तेच म्हणेन. मुंबईकरांना हे नाव २६ जुलै २००५ नंतर पाठ झाले. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माणसे कमरेएवढ्या पाण्यातून घरी गेली आणि ऑगस्टमध्ये तापाच्या रुग्णांनी रुग्णालये भरली. पण मुंबईत जे एका महापुराने झाले, त्याला कोकणात महापूर लागत नाही. आपला शेतकरी दर आषाढात पिंढरीएवढ्या चिखलात दिवसदिवस उभा असतो. शेजारच्या सिंधुदुर्गाने या आजाराचे वाईट पावसाळे पाहिले आहेत. आपल्या जिल्ह्यालाही तो परका नाही. जगभरात दरवर्षी सुमारे दहा लाख माणसांना हा आजार होतो आणि अठ्ठावन्न-एकोणसाठ हजार त्यात दगावतात, असा अंदाज आहे. यातली बरीचशी माणसे शेतात राबणारी, उष्ण आणि भरपूर पावसाच्या मुलखातली.

आधी आकाराचे बोलू. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. साधारण जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६७६ साली स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्यातले असले जीव पहिल्यांदा पाहिले, तेव्हा लोकांचा विश्वास बसला नव्हता. लेप्टो लांबीला सहा ते वीस मायक्रॉन, म्हणजे तसा मोठाच. पण जाडी? एका मायक्रॉनचा दहावा भाग! आपल्या केसाच्या रुंदीत असे सातशे-हजार लेप्टो सहज शेजारी शेजारी मावतील. प्रयोगशाळेत द्रव निर्जंतुक करायला आपण ज्या बारीक गाळण्या वापरतो, ज्यात बहुतेक जिवाणू अडकतात, त्यांतून हा आरपार निघून जातो. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतच नाही. त्याला पाहायला काळ्या पार्श्वभूमीची पद्धत लागते. प्रकाश समोरून न टाकता कडेने टाकायचा, मग मैदान काळेभोर दिसते आणि जिवाणूवरून उडालेला प्रकाश तेवढा डोळ्यांत येतो. त्या काळोखात एक पांढुरकी, घट्ट पिळाची रेघ दिसते. दोन्ही टोके आकड्यासारखी वळलेली. ती रेघ इतक्या वेगाने गरगरत असते की पीळ मोजायला जावे तर नजर ठरत नाही. क्षणभर थांबते, उलटी फिरते, आणि आली तशी मागे जाते. विद्यार्थ्यांना मी हे दाखवतो तेव्हा वर्ग गप्प होतो. इतका साधा जीव, डोके नाही, शेपूट नाही, आणि तरी पुढे-मागे जाण्याचा त्याचा निर्णय डोळ्यांना दिसतो.

आता बाहेरून आत जाऊ. पहिला भाग, बाह्यपटल.

सगळ्या जिवाणूंना हे नसते. १८८४ मध्ये हान्स क्रिस्तियन ग्राम या डॅनिश डॉक्टरने जिवाणू रंगवण्याची एक रीत काढली. त्या रीतीत काही जिवाणू जांभळे राहतात, काही रंग सोडून देतात. फरक का पडतो हे पुढे कळले. जांभळे राहतात त्यांची भित्तिका जाड असते आणि बाहेर दुसरे पटल नसते. तुमच्या दह्यातले जिवाणू या पहिल्या गटातले. दुसऱ्या गटात भित्तिका पातळ, पण तिच्यावर आणखी एक पटल. लेप्टोची रचना या दुसऱ्या गटाच्या जवळची, मात्र तो इतका बारीक की ग्रामच्या रंगाने तो नीट दिसतही नाही.

या बाह्यपटलाचे काम काय? आत काय येऊ द्यायचे आणि काय नाही हे ठरवणे, हे एक. पण दुसरे काम आपल्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे. आपल्या शरीराला जिवाणूचे जे पहिले दर्शन होते ते या पटलाचे. त्याच्या बाहेरच्या बाजूला मेद आणि शर्करेच्या साखळ्यांचा एक थर असतो. आपल्या पांढऱ्या पेशी बहुतेक जिवाणूंचा हा थर ताबडतोब ओळखतात आणि आरडाओरडा सुरू करतात, म्हणजे ताप, सूज, लढाई. लेप्टोच्या या थराची घडण थोडी वेगळी आहे. माणसाच्या पेशींवरचा जो ग्राहक हा थर ओळखतो, त्याला लेप्टो नीट ओळखताच येत नाही. गंमत म्हणजे उंदराच्या पेशींना तो ओळखता येतो! म्हणून उंदीर आजारी पडत नाही, जिवाणूला मूत्रपिंडात ठेवून वर्षभर हिंडतो, आणि लघवीवाटे तो बांधावर, गवतात, पाण्यात सोडत राहतो. आणि माणूस मात्र कोसळतो. एका पटलावरच्या रेणूंची घडण थोडी इकडची तिकडे आहे, आणि त्यावर कुणी वाहक व्हायचे आणि कुणी रोगी, हे बरेचसे ठरते.

शिवाय शर्करेच्या या साखळ्या सगळ्या लेप्टोंत सारख्या नाहीत. त्यांच्या फरकावरून लेप्टोचे तीनशेच्या आसपास प्रकार पाडले आहेत. एका प्रकाराविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये दुसऱ्या प्रकाराला फारशी लागू पडत नाहीत. लोक विचारतात, करोनावर वर्षभरात लस आली, मग लेप्टोवर का नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तराचा मोठा भाग या साखळ्यांत आहे. काही देशांत काही मोजक्या प्रकारांवर माणसांसाठी लस आहे, गुरांसाठी आणि कुत्र्यांसाठीही आहे, पण सगळ्यांना पुरून उरेल अशी एक लस अजून नाही. आणि एक प्रश्न पैशाचाही आहे, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. चिखलात राबणाऱ्यांच्या आजारावर संशोधनाला पैसा कमी मिळतो. मला याचे दुःख आहे आणि ते मी प्रत्येक व्यासपीठावर बोलून दाखवतो.

बाह्यपटलाच्या आत पेशीभित्तिका. आपल्या पेशींना भित्तिका नाही, हे आधी लक्षात ठेवा. जिवाणूच्या पोटात क्षार आणि साखरा दाटीने भरलेल्या असतात. बाहेर पावसाचे पाणी. पाणी आत शिरू पाहते. पेशी फुगते. तिला फुटू न देणारा एकच भाग, भित्तिका. शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडव्या बांधणाऱ्या अमिनो आम्लांच्या आखूड गाठी, असे हे विणकाम. जिवाणू वाढतो तेव्हा हे विणकाम थोडे सोडवायचे, नवा धागा घालायचा आणि गाठ मारायची. हे सतत चाललेले असते.

पेनिसिलिन त्या गाठीवर घाव घालते! १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगने बुरशीभोवतीचे जिवाणू विरघळलेले पाहिले. ते का विरघळले? गाठी मारणारे विकर पेनिसिलिनने अडकवून ठेवले, जुने विणकाम सुटत राहिले, नवी गाठ पडेना, पाणी आत घुसले आणि पेशी फुटली. आपल्याला भित्तिकाच नाही, म्हणून आपल्या पेशींना पेनिसिलिनची झळ नाही. काहींना त्याची ॲलर्जी असते, ती गोष्ट वेगळी. आपल्या महाराष्ट्राला या औषधाचा अभिमान वाटावा असा इतिहास आहे. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याआधी हे औषध परदेशातून यायचे. लेप्टो हाताबाहेर गेलेला रुग्ण आजही रुग्णालयात दाखल होतो तेव्हा शिरेतून दिले जाते ते पेनिसिलिन, किंवा त्याच धर्तीने भित्तिकेवर काम करणारे सेफ्ट्रियाक्सोन.

आता मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. कशाभिका हा माझा आवडता भाग आहे आणि लेप्टोच्या बाबतीत सगळे रहस्य तिच्यातच आहे.

ई. कोलायसारख्या जिवाणूला कशाभिका बाहेर असतात. लांब, पिळाच्या, केसासारख्या. त्या बुडाशी एका फिरत्या यंत्रावर बसवलेल्या असतात. खरोखर फिरते यंत्र! वीसएक प्रकारच्या प्रथिनांचे, मध्ये आस, भोवती कडी, आणि सेकंदाला शंभरावर फेऱ्या. या यंत्राला ऊर्जा मिळते ती पटलाच्या बाहेरून आत घुसणाऱ्या विद्युतभारित कणांच्या ओघातून.

लेप्टोला कशाभिका दोनच. एक या टोकाला, एक त्या टोकाला. आणि दोन्ही बाहेर नाहीत! बाह्यपटल आणि भित्तिका यांच्या मधल्या फटीत त्या अंगाला चिकटून पडलेल्या असतात, मध्यापर्यंतही पोचत नाहीत. बाहेर काहीच लोंबत नाही. मग पोहतो कसा? आतली कशाभिका फिरली की सगळे अंगच फिरते. पुढचे टोक पिळाचे होते, मागचे टोक आकड्यासारखे वळते, आणि अख्खा जिवाणू गिरमिटासारखा फिरत पुढे घुसतो. आपल्या सुताराच्या हातातले गिरमिट लाकडात जाते ना, तसे. दोन्ही यंत्रे उलटी फिरली की दिशाही उलटते.

याचा फायदा काय? बाहेरच्या कशाभिकेवर पोहणारे जिवाणू पातळ पाण्यात तरबेज, पण चिकट, घट्ट पदार्थात त्यांची गती मंदावते. लेप्टोचे उलट. घट्ट, बुळबुळीत माध्यमात त्याची चाल अधिक चांगली. आता माणसाच्या कातडीखाली काय असते? घट्ट, चिवट ऊतक. तेच त्याचे मैदान.

आणि कातडीत शिरायला दार कुठले? लावणीच्या दिवसांत आपल्या बायका-पुरुषांचे पाय बघा. तरवा काढायला पहाटे उतरलेली बाई दुपारी जेवणापुरती बांधावर येते आणि पुन्हा भाताच्या कुणग्यात उतरते. आठ दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, फुगते, चिरते. चिखल्या झाल्या म्हणतात. त्यावर कुणी खोबरेल लावते, कुणी हळद लावते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात. लावणी थांबत नाही, थांबूही शकत नाही. त्या चिखल्यांच्या चिरेतून, हाताला गवताच्या पात्याने कापलेल्या रेघेतून, डोळ्यांत उडालेल्या गढूळ थेंबातून तो आत घुसतो. काही तासांत रक्तात. रक्तातून यकृतात, मूत्रपिंडात, फुफ्फुसात.

हे कशाभिकेमुळेच होते असे मी इतक्या ठामपणे का म्हणतो? प्रयोगशाळेत लेप्टोच्या कशाभिकेचे जनुक बिघडवून पाहिले आहे. बाकी सगळा जिवाणू जसाच्या तसा, फक्त हालचाल गेलेली. असा लेप्टो प्राण्यांना आजारी पाडू शकला नाही. एक भाग काढून घेतला आणि रोगच गेला. नववीच्या आकृतीतला तो एक बाण, मंडळी!

या जिवाणूची ओळख पटली कशी, तेही इथेच सांगतो. १९०७ मध्ये अमेरिकेत स्टिमसन यांनी पीतज्वराने मेला असे समजलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या कापात हे पिळाचे जिवाणू पाहिले होते. टोक प्रश्नचिन्हासारखे वळलेले, म्हणून नाव दिले 'इंटरोगन्स'. पण याच जिवाणूमुळे रोग होतो हे सिद्ध केले १९१५ च्या सुमाराला जपानच्या इनाडा आणि इडो यांनी. आजारी पडले होते ते खाणकामगार. आपल्या देशात अंदमानातून १९३१ मध्येच टेलर आणि गॉयल यांनी लेप्टोची नोंद केली. नंतर अनेक वर्षे तिथला एक गूढ रक्तस्रावी ताप निराळ्या नावाने ओळखला जात होता, तोही लेप्टोच निघाला. आपण आजार ओळखायला उशीर करतो तो असा.

आता पुन्हा पेशीकडे. भित्तिकेच्या आत पेशीपटल. जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहून कमी. जिवाणूला स्वतंत्र ऊर्जाघर नाही, आपल्या पेशीत असते तशी तंतुकणिका नाही. अन्नाचे ज्वलन, ऊर्जा साठवणे, कण बाहेर ढकलणे, हे सगळे याच पटलावर चालते. लेप्टो साखर खात नाही, लांब साखळ्यांची मेदाम्ले खातो, आणि त्याला प्राणवायू लागतो. तो वाढतोही फार सावकाश. ई. कोलाय चांगले अन्न मिळाले तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. लेप्टोला सहा-आठ तासांपासून वीस तासांपर्यंत लागतात. रुग्णाचे रक्त घेऊन त्याची वाढ करून पाहायची तर कित्येक आठवडे थांबावे लागते. तोवर रुग्ण बरा तरी झालेला असतो किंवा उरलेला तरी नसतो. ही गोष्ट पुढे लागणार आहे, ध्यानात असू द्या.

पटलाचा विषय निघालाच आहे तर आपल्या तालुक्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तुरळ, राजवाडी, आरवली इथल्या गरम पाण्याच्या कुंडांत तुम्ही पाय बुडवले असतील. त्या पाण्यातही जिवाणू राहतात आणि नांदतात. एवढ्या उष्णतेत साधे पटल ढिले पडून गळू लागेल. उष्णताप्रिय जिवाणूंच्या पटलातली मेदाम्ले अशी असतात की ती घट्ट राहतात, आणि त्यांची प्रथिने शिजत नाहीत. अमेरिकेत यलोस्टोनच्या झऱ्यातून १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक यांनी असाच एक जिवाणू मिळवला. त्याच्या न शिजणाऱ्या विकरावर पुढे पीसीआर चाचणी उभी राहिली. करोनात नाकात काडी घालून जी चाचणी केली ती याच जातीची. लेप्टोच्या रुग्णाच्या रक्तात पहिल्या दोन-चार दिवसांत जिवाणूचे डीएनए शोधायचे तर आज हीच चाचणी कामी येते. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी आपल्याच कुंडांकडे अभ्यासाच्या नजरेने पाहावे, एवढी माझी इच्छा आहे. नमुने आणायला एस. टी. चा एक फेरा पुरे.

पटलाच्या आत पेशीद्रव, आणि त्यात हजारोंनी रायबोसोम. डीएनएकडून आलेला निरोप वाचून प्रथिन घडवायचे हे त्यांचे काम. आता रायबोसोम तर आपल्यातही आहेत. मग औषध जिवाणूच्या रायबोसोमला मारते आणि आपल्याला सोडते, हे कसे? घडणीत फरक आहे म्हणून. जिवाणूचा रायबोसोम आकाराने लहान, आणि त्याचे दोन तुकडे, एक छोटा, एक मोठा. लेप्टोवर दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन, टेट्रासायक्लिन गटातले औषध, त्या छोट्या तुकड्याच्या एका खाचेत जाऊन बसते. अमिनो आम्ल घेऊन येणाऱ्या रेणूला मग तिथे बसायला जागाच उरत नाही. साखळी वाढत नाही, प्रथिन होत नाही, जिवाणू वाढत नाही.

त्या छोट्या तुकड्याची अणूपर्यंतची रचना २००० साली उलगडली ती व्यंकी रामकृष्णन यांच्या गटाने, आणि टेट्रासायक्लिन गटाचे औषध नेमके कुठे बसते हेही त्यांनी दाखवले. जन्म तमिळनाडूत चिदंबरमचा, पदवीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना विभागून मिळाले. आरोग्य केंद्रात मिळणारी ती साधी कॅप्सूल कुठे जाऊन बसते, हे कळायला इतकी वर्षे आणि इतकी बुद्धी लागली आहे. ती अर्धी घेऊन खिडकीत ठेवून देऊ नका.

आणि अगदी आत डीएनए. जिवाणूला आपल्यासारखे पटलात बांधलेले केंद्रक नसते, धागा पेशीद्रवातच गुंडाळून पडलेला असतो. लेप्टो इंटरोगन्सचा सगळा मजकूर २००३ मध्ये वाचला गेला. सुमारे ४७ लाख अक्षरे, आणि ती एका नव्हे, दोन वर्तुळाकार गुणसूत्रांवर. पुष्कळ जिवाणूंत याशिवाय डीएनएची छोटी सुटी कडी असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. एक जिवाणू दुसऱ्याला ती देऊ शकतो, जात वेगळी असली तरी. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या जिवाणूंत एकदम अनेक औषधांना दाद न देण्याचा गुण दिसला आणि तो असाच हस्तांतरित होत होता. औषध आत आले की ते बाहेर फेकणारा पंप पटलात बसवायचा, किंवा रायबोसोमवरची ती खाच वाचवायची, याच्या सूचना अशा कड्यांवर लिहिलेल्या असतात.

लेप्टोच्या बाबतीत ही साधी औषधे अजूनही लागू पडतात, ही मोठी समाधानाची गोष्ट. पण गोळी पोटात गेली की ती लेप्टोला शोधत फिरत नाही. आतड्यातल्या कोट्यवधी जिवाणूंनाही ती भेटते, आणि तिथे प्रतिकाराची कडी ज्यांच्याकडे आहे ते तेवढे टिकतात, वाढतात. सर्दी झाली म्हणून औषधाच्या दुकानातून दोन कॅप्सूल सुट्या मागून घेण्याची आपली सवय वाईट आहे, घातक आहे. सर्दी विषाणूंनी होते. विषाणूला ना भित्तिका, ना स्वतःचा रायबोसोम. कुठल्या भागावर घाव घालणार ते औषध?

आता लेप्टोकडे जे नाही त्याबद्दल थोडे. काही जिवाणू संकट आले की जाड कवचाचा बीजाणू करून वर्षानुवर्षे पडून राहतात. धनुर्वाताचा जिवाणू तसा. कोरड्या मातीत, गोठ्यात, गंजक्या विळ्यावर तो बीजाणू वाट बघत असतो. बाळाची नाळ अशा विळ्याने कापली तर काय व्हायचे हे जुन्या माणसांना माहीत आहे. मावशी हळबे यांनी १९५४ मध्ये या गावात मातृमंदिर ही संस्था सुरू केली तेव्हा कामाची सुरुवात बाळंतिणींच्या सेवेपासून झाली. स्वच्छ हात, उकळलेले हत्यार, आणि पुढे गरोदरपणातली लस, यांनी नवजात बाळांचा धनुर्वात मागे हटला, आणि २०१५ मध्ये भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. बीजाणू मातीत आजही आहेत. पण त्यांमुळे बाळे आता क्वचितच मरतात. ज्या सुइणींनी, परिचारिकांनी हे घडवले त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे.

लेप्टोला बीजाणू करता येत नाही. ओल असेपर्यंत मातीत तो आठवडेच्या आठवडे तग धरतो, पण सुकला की मेला. ऊन, उकळते पाणी, ब्लीचिंग पावडर, यांपुढे तो टिकत नाही. त्याचा अर्थ आपल्या घरात काय? संध्याकाळी घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नुसते पाणी ओतून चुलीपुढे बसू नका. चिखल्यांवर मलम लावून पट्टी करा. मिळतील तिथे गमबूट घाला. कुणग्यात ते रुततात, चालवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण गोठा साफ करताना, परसात वावरताना ते घालता येतात. गोठ्यात गुरांची लघवी साठू देऊ नका, कारण उंदराप्रमाणे गाई-म्हशी, डुक्कर, कुत्रेही हा जिवाणू बाळगतात. धान्य उंदरांपासून जपा, पिण्याचे पाणी झाकून ठेवा.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी एवढा वेळ घेतला. हा जिवाणू शरीरात शिरल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. एकदम, थंडी वाजून. डोके फुटेल असे दुखते, डोळे लाल होतात, आणि पिंढऱ्या इतक्या ठणकतात की दाबल्या तर माणूस ओरडतो. लोक म्हणतात, लावणीने अंग मोडून आले आहे, दोन दिवस पेज घे, पडून रहा. हे दोन दिवस फार महागात पडतात. प्रतिद्रव्ये शोधणारी रक्ताची चाचणी पहिल्या पाच-सात दिवसांत बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, जिवाणू वाढवून पाहायला आठवडे लागतात हे मी मघाशी सांगितले. म्हणून डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात, आणि तेच बरोबर आहे. सुरुवातीच्या दिवसांत हा आजार साध्या कॅप्सूलनी आटोक्यात येतो. कावीळ दिसू लागली, लघवी कमी झाली, खोकल्यातून रक्त पडले, की मग अतिदक्षता विभाग, डायलिसिस, आणि कोल्हापूर-मुंबईच्या वाऱ्या.

तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे. लावणीच्या आणि बेणणीच्या दिवसांत घरात कुणालाही ताप आला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा देवरूखच्या ग्रामीण रुग्णालयात जा. गेल्यावर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, आपण होऊन सांगा, "मी चिखलात काम करतो, पायाला चिखल्या आहेत." बाई गरोदर असेल तर तेही सांगा, मूल लहान असेल तर वय सांगा, कारण त्यांना औषध वेगळे द्यावे लागते. दिलेल्या कॅप्सूल शेवटच्या दिवसापर्यंत घ्या. वाडीत ताप आलेली माणसे दोनाची चार झाली तर आशाताईंना कळवा. आणि घरातली म्हातारी माणसे "काही होत नाही" म्हणाली तर त्यांचे ऐकू नका, त्यांनाच आधी गाडीत बसवा.